मण्याच्या भोकातली माती

खामगाव
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप पंचफुला मावशीस,
हरिओमचा नमस्कार.

दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघाली, असं प्रतीक्षाताईंनी सांगितलं. बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा. डोक्यावरून पाणी घेऊ नका आणि चुलीजवळ बसू नका. अकोल्यात लेकीच्या घरी चूल नसणार, पण तुम्ही कुठूनही शोधून काढाल म्हणून लिहिलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फोन घेतला की स्पीकर लावता, आणि मग ताई, जावई, शेजारची बाई असे सगळे मिळून बोलतात. मागच्या वेळी मी 'हॅलो' म्हणायच्या आत कोणीतरी मला लग्नाचं विचारलं. म्हणून पत्र. अक्षर मोठं काढलं आहे. हे तुम्ही स्वतः वाचा, हळूहळू वाचा. ताईंना वाचायला देऊ नका.

इकडची खबर अशी. आपल्या मण्यांच्या शेडवरचे गळके पत्रे बदलून झाले. जनकाबाईंचे गुडघे पुन्हा सुजले आहेत, तरी त्या खाली मांडी घालूनच बसतात. काचेच्या कांड्यांची नवी पेटी आली. निळा रंग छान आहे, पण लाल कांडी ज्योतीत जरा जास्त धरली की काळपट पडते, कलेजीच्या तुकड्यासारखी दिसते.

मावशी, मला आता शेडमध्ये पाय टाकायची किळस येते. आधी मी इथे 'कंटाळा' असं लिहिलं होतं. ते पान फाडून हे दुसरं घेतलं, कारण कंटाळा वेगळा आणि हे वेगळं.

तुम्ही दिवाळीनंतर अकोल्याला गेलात आणि आठ दिवसांत पुण्याच्या वासंती मॅडमची ऑर्डर आली. त्या स्वतः घरी ज्योतीवर मणी करतात आणि आपल्यासारख्या सात-आठ ठिकाणच्या कारागिरांचं काम लोकांपर्यंत पोचवतात. ओळख तुमचीच. त्यांना लग्नसराईसाठी माळा हव्या होत्या. इतक्या, की आपण सगळे जेवणं सोडून ज्योतीला बसलो असतो तरी झाल्या नसत्या. एक मणी म्हणजे सळईला पांढरी माती लावा, वाळवा, काच वितळवून तिच्यावर गुंडाळा, फिरवत राहा, मग गरम राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत निवू द्या. घाई केली की तडकला. मी कुलदीपदादांना म्हणालो, जमणार नाही असं कळवून टाकू. ते म्हणाले, "नाई म्हननाऱ्याले कोनी दुसऱ्यांदा इचारत नाई बे."

चौथ्या दिवशी टेम्पोतून दोन पोती उतरली. कारखान्यातले मणी. साच्यातून पडलेले, सगळे एका मापाचे, एका चेहऱ्याचे. मी पोत्यात हात घातला तर ते थंड आणि तेलकट लागले. लहानपणी डबक्यात हात घातल्यावर बेडकाची अंडी लागली होती, तसं झालं. मी हात पँटला पुसला.

मी विचारलं, "दादा, आपण तर हाताचे म्हणून देतो ना?"

"मंग? पोत्यातून काय पायानं काढनार हाय का?"

जनकाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. कुलदीपदादा तुमचे चिरंजीव आहेत, त्यामुळे हे लिहिताना हात थांबतो. पण तेव्हा कोणाचा हात थांबला नाही. अनुपमा रोज दुपारी ज्योत पेटवायची, एक मणी करायची, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायची, खाली 'आईच्या मायेने घडविलेला' असं टाकायची, आणि ज्योत बंद करून पोत्यातले मणी ओवायला बसायची. तिच्या लिहिण्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती मी दुरुस्त करून दिली. मला तेवढंच दिसलं होतं.

तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता, मणी उजेडाकडे धरा आणि भोकातून बघा. धुऊनही आत पांढरी माती चिकटलेली असेल तर तो सळईवरचा, माणसाच्या हातचा. भोक आरपार स्वच्छ असेल तर साच्यातला. वासंती मॅडमनाही हे तुम्हीच शिकवलं. म्हणून त्या पोत्यांतल्या मण्यांच्या भोकांत माती भरली आणि मग माळा पुण्याला गेल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यात एका हळदीला एक मुलगी ती माळ घालून नाचली, तिला घाम आला आणि गळ्यावरून पांढरे चिकट ओघळ उतरले. मॅडमनी फोटो पाठवला. दादांनी तुम्हाला कळवलं की सरस्वतीबाईंनी मणी धुताना हयगय केली, सुटी माती त्यांच्या हातून राहिली. तुम्ही म्हणालात, तिला ज्योतीला बसू देऊ नका. वीस वर्षं तुमच्या उजव्या हाताला बसलेली बाई. त्यांनी ज्योतीसमोर घालायचा आपला काळा चष्मा रुमालात बांधला, इथली भाड्याची खोली सोडली आणि सोनाळ्याला भावाकडे गेल्या. शेडमध्ये त्यांच्या जागेवर आता रिकामी खोकी ठेवली आहेत.

मावशी, ती माती सरस्वतीबाईंची नव्हती. पोत्यातल्या एकाही मण्याला त्यांनी बोट लावलं नाही. त्या आपल्या ज्योतीवर रोजचे मणी करत राहिल्या, तेवढेच त्या ऑर्डरमधले खरे होते.

१६ तारखेला, रविवारी, तुम्ही येणार आणि बैठकीत त्यांचं नाव आपल्या कारागिरांच्या गटातून कायमचं कमी करणार, असं दादा म्हणाले. त्याआधी तुम्हाला हे कळावं, म्हणून लिहिलं.

बाकी ठीक. प्रतीक्षाताईंना नमस्कार. जास्त वेळ टीव्ही बघू नका.

आपला,
हरिओम


खामगाव
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मावशीस,
नमस्कार.

तुमचे सहा फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. बाहेर होतो, आवाज आला नाही, असं काही लिहिणार नाही. फोन वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

शुक्रवारी दुपारी दादा शेडमध्ये आले. तुम्ही त्यांना काय बोललात ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो.

"कोनं लिव्हलं आईले?"

मी म्हणालो, "मी."

"अन् माती कोनं भरली, थे लिव्हलं का?"

मी हातातला भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला.

"लिव्ह ना मंग! अक्षर तं मोठं चांगलं हाय तुयं. का तिथंच पेन आटला?"

जनकाबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "जाऊ द्या, कुलदीपभाऊ. डॉक्टर हाय थो आपला. सुई बराबर टोचते, पन मानसाले समजू देत नाई."

अनुपमा हसली. मी डबा बंद केला.

मागच्या पत्रात माती कोणी भरली हे मी लिहिलं नाही. मी भरली.

दादांना ती कल्पनाच नव्हती. ते मणी तसेच ओवून पाठवणार होते. मीच म्हणालो, वासंती मॅडम भोक बघतील. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझं डोकं फार नीट चालतं. मी मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया आणल्या. सळईची माती ताकासारखी पातळ केली. ती नुसती वाळली तर गळून पडते, म्हणून तिच्यात मैद्याची खळ घातली. साच्याची रेघ दिसणारे मणी वेगळे काढले. उरलेल्या एकेका मण्यात एक थेंब सोडायचा, मणी बोटांत फिरवायचा, की आतून सारखा थर बसतो. मग पोत्यावर पसरून उन्हात. असं एकोणीस दिवस केलं.

पाचव्या दिवशी खळ आंबली. तो वास मला सांगता येणार नाही. भाकरीचं पीठ चार दिवस झाकून विसरलं तर येतो, त्याच्यात ओल्या भिंतीचा वास मिसळा. बोटांना तो बसला तो जाईना. साबण, लिंबू, राख, सगळं करून पाहिलं. घास तोंडाशी नेला की आधी तो वास यायचा. मी चमच्यानं जेवायला लागलो तर आई म्हणाली, साहेब झाला वाटतं. एका खोक्यातल्या माळांना मुंग्या लागल्या. मण्याच्या भोकातून मुंगी आत जायची आणि दुसरीकडून निघायची. मी ब्रश घेतला, मुंग्या झाडल्या आणि खोकं पुन्हा चिकटपट्टीनं बंद केलं. कडा अगदी सरळ आल्या.

याहून घाण गोष्ट पुढे आहे. मला ते काम आवडायला लागलं होतं. दादांनी एक मणी उजेडात धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "आईलेबी समजनार नाई बे हरी!" आणि मला आतून बरं वाटलं. तुम्ही मला शिकवलंत त्याला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत माझा मणी बघून तुम्ही फक्त 'हं' म्हणालात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हाताचं कौतुक केलं होतं, आणि ते कशाचं, तर हे.

डिसेंबरात वासंती मॅडम बारा-तेरा जणांना घेऊन शेड बघायला आल्या. सगळे हौसेनं मणी करणारे. कोणी नागपूरचे, कोणी पुण्याचे. एक आजोबा तर बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकले होते. चांगली माणसं होती मावशी. आपसांत कांड्यांच्या रंगांबद्दल अशी बोलत होती, जशी आपल्याकडे बाया लोणच्याबद्दल बोलतात. त्यांनी आपल्या ज्योतीवर बसून एकेक मणी केला. कोणाचा वाकडा झाला, कोणाचा सळईवरून घसरला, आणि सगळे लहान मुलांसारखे हसले. ती पोती त्यांच्यापासून पाच पावलांवर होती. दादांनी पोत्यांवर तुमची जुनी साडी टाकली होती.

मॅडमनी ताटातला एक मणी उचलला. मी लांबूनच ओळखला, माझा, सुईनं भरलेला होता. त्यांनी तो दाराकडे, उजेडात धरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "हे बघा, पांढरं दिसतंय ना? साच्यातल्या मण्यात हे कधीच सापडणार नाही. हे मला इथल्या पंचफुलाबाईंनी शिकवलं." त्या आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून भोकातून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्याकडे बघून हात जोडले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. अनुपमा व्हिडिओ काढत होती. त्यात मी हात जोडून उभा आहे. तिनं तो अजून काढून टाकलेला नाही, हजारो लोकांनी बघितला आहे. मी शेडच्या मागे जाऊन ओकलो.

ते सगळे गेल्यावर सरस्वतीबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी तोच मणी ताटातून घेतला, जिभेच्या टोकावर धरला, थुंकल्या आणि म्हणाल्या, "कच्ची हाय बे हरी. भाजली नाई तुयी माती. पान्यानं जाईन." एवढंच. रागावल्या नाहीत. मी मणी बिघडवला की त्या जशा सांगतात, तसं सांगितलं.

त्यांना माहीत होतं. आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. माती गळ्यावर उतरली.

जानेवारीत फोटो आला त्या दिवशी तुम्ही आधी दादांशी बोललात, मग मला फोन केलात. मला बाजूला जायला सांगितलंत. तुमच्याकडेही त्या दिवशी स्पीकर नव्हता, कारण तुमचा श्वास ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, "हरी, कुलदीपचं मले खरं वाटत नाई. थो घाईचा मानूस हाय. तू सांग. सरस्वतीचीच चूक हाय का?"

मी म्हणालो, "हाव."

तेव्हा मी शेडला लागून असलेल्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभा होतो. समोर सरकीचा ढीग होता आणि त्याच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि फोन ठेवला. मी परत येऊन माझ्या जागेवर बसलो. सरस्वतीबाई शेजारच्या ज्योतीवर फुलाचा मणी करत होत्या. शेवटची पाकळी लावून झाली तेव्हा दादांनी तुमचा निरोप सांगून त्यांना उठवलं. मणी राखेत पुरायला लागतो तेवढा वेळही त्यांना दिला नाही. तो सळईवरच तडकला. त्याचा आवाज मी ऐकला. छोटासा असतो तो, तुम्हाला माहीत आहे.

दादा खोटं बोलले ते तुम्हाला पटलं नव्हतं. माझं पटलं, कारण मी माप घेतल्याशिवाय बोलत नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगत आला आहात. दादांचा मला राग येतो. जनकाबाई आणि अनुपमा यांची किळस येते. पण हे तिघंही मिळून त्या बाईला उठवू शकले नसते.

उद्या पहिल्या गाडीनं मी सोनाळ्याला जातो. तुम्ही आता फोन केलात तर उचलीन. पण केला नाहीत तर बरं.

हरिओम


खामगाव
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

मावशी,
नमस्कार.

तुमचा फोन आला नाही. पत्र पोचलं असेल, असं धरून लिहितो.

सोमवारी सोनाळ्याला गेलो. वरवटला गाडी बदलावी लागली. घर शोधायला त्रास झाला नाही. स्टँडवरच्या चहावाल्याला सरस्वतीबाईंचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, "थेच का, खामगावाहून काहाडून देल्ली थे?" गावात असं झालं आहे. दुसऱ्या एकानं विचारलं, चोरी केली म्हणतात, खरं आहे का? मी नाही म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मी त्यांचा कोणी नातेवाईक आहे म्हणून झाकतो आहे.

त्यांचे भाऊ भाऊराव दारातच उभे होते. "खामगावचे का? आता काय राह्यलं इथं न्याचं?" आतून सरस्वतीबाईंचा आवाज आला, "येऊ दे त्याले. उन्हातून आला." त्या ओट्यावर तूर पाखडत होत्या. अंगभर भूस. त्यांच्या वहिनी चुलीपाशी होत्या, पाठ आमच्याकडे आणि कान आमच्याकडे.

"बस. पानी पे. मंग बोल."

मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. सुई, खळ, मुंग्या, तुमचा फोन, माझं 'हाव'. त्यांचं सूप थांबलं नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय."

"मग तुम्ही मावशींना का नाही सांगितलं?"

"मले कोनी इचारलं?"

सूप तेव्हा थांबलं.

"पंचफुलानं तुले इचारलं. कुलदीपले इचारलं. मले नाई इचारलं. वीस वर्सं एका राखेत मनी पुरले आमी दोघीनं. तिच्या लेकीच्या बायंतपनात तिची ज्योत म्या चालवली, माया नवऱ्याची माती झाली तवा तिनं मायी. फोन तं मायापाशीबी होता बाप्पा. चार्ज करून ठेवत होती मी रोज."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"नोको. तुया हाताले वास येते."

आता तो वास येत नाही, मावशी. खळ टाकून महिना झाला. पण मी हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा, आणि परत चला. मी बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो."

"माफीचं काय करू मी? पाखडू का तिले?" वहिनींच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसल्या. "मले मायी जागा पायजे. पन मी तुया सांगन्यानं येनार नाई, अन् तुया चिठ्ठीनं तं मुळीच नाई. 'बसू देऊ नका' हे जिच्या तोंडातून निंगालं, तिनं इथं याव. या ओट्यावर बसाव, अन् हे मायी भावजय उभी हाय, हिच्यासमोर बोलाव. रोज इच्या डोयात पाहून जेवा लागते मले."

वहिनी म्हणाल्या, "म्या काही म्हनलं का तुमाले?"

"नाई म्हनलं. थेच तं."

मग त्यांनी मला जेवायला वाढलं. त्यांच्या वाढण्यात काही कमी नव्हतं. मी ताटात काही टाकलं नाही.

मंगळवारी मी तीन कामं केली. वासंती मॅडमना पत्र लिहिलं, पोत्यांपासून फोटोपर्यंत सगळं, आणि पोस्टात टाकलं. त्या आजोबांचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा कागद घातला. दुसरं, शेडमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं की माती माझी, आणि बाईंवर आळ घेतला तोही मी. दादा म्हणाले, "बोलून झालं? आता ज्योतीपासून ऊठ." मी उठलो. माझी जागा त्यांनी अनुपमाला दिली. ते बरोबरच आहे. तिसरं, पाठवायच्या राहिलेल्या माळा होत्या, त्या मी अंगणात नेऊन टपात बुडवल्या. दादा आडवे आले नाहीत. पाणी लगेच पांढरं झालं आणि वर साय आल्यासारखं काहीतरी तरंगायला लागलं. मी एकेक मणी बोटांनी चोळून धुत होतो. थोड्या वेळानं जनकाबाई गुडघ्यांवर हात देत आल्या, शेजारी बसल्या आणि एक माळ उचलली. ती धुऊन बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "काय घान वास मारून राह्यला बे हा." इतके दिवस त्या त्याच वासात बसून डबा खात होत्या.

आता जे लिहितो ते लिहायची माझी लायकी नाही. सकाळपासून तीनदा लिहून फाडलं.

मी 'हाव' म्हणालो, ते माझं आहे. ते मी कोणावर ढकलत नाही. पण त्या दिवशी गिरणीच्या भिंतीला टेकून मी तुमच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, 'नीट सांग.' किंवा म्हणाल, 'फोन तिच्याकडे दे.' त्या माझ्यापासून दहा पावलांवर बसल्या होत्या. तुम्ही नुसतं तेवढं म्हणाला असतात तर मी मोडलो असतो, मला माझी तेवढी ओळख आहे. तुम्ही 'बरं' म्हणालात. वीस वर्षांच्या माणसाला उठवायला तुम्हाला माझा एक शब्द पुरला. तो पुरला, याचीही मला किळस येते, आणि ती फक्त माझी येत नाही. मी हे उद्धटपणानं लिहीत नाही.

बैठक रविवारीच आहे. खामगावला येऊ नका. अकोल्याहून अकोटमार्गे सोनाळ्याला जाता येतं, मी कंडक्टरला विचारून ठेवलं आहे. मी सकाळपासून सोनाळ्याच्या स्टँडवर उभा राहीन. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी पुढे चालेन, तुम्ही मागून या. रस्त्यात दगड फार आहेत, डोळे नवे आहेत, जपून पाय टाका. घर आलं की मी लांबूनच दाखवीन आणि बाहेर थांबेन. ओट्यावर तुम्ही दोघी आणि वहिनी, एवढंच बाईंनी सांगितलं आहे. त्यात माझी जागा नाही.

तुम्ही आला नाहीत, तर शेवटची गाडी जाईपर्यंत मी तिथेच उभा असेन. मग एकटा जाऊन त्यांना सांगेन की मावशी आल्या नाहीत. ते मात्र मला खरं सांगावं लागेल.

तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललेला,
हरिओम